आबा आणि भट्टीच्या दाराचा कोपरा

आबा गेले त्या दुपारी मी सांगलीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. फोन सासूबाईंचा होता. “वैशाली, लगोलग ये. आबा उठंनात गं…” एवढंच बोलल्या आणि फोन शेजारच्या काकूंच्या हातात दिला. जेवून आडवे झाले होते, ते झोपेतच गेले. मी पलूसला पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. माझा नवरा फौजेत. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तोवर मीच आबांच्या उशाशी बसून होते. याला आता दीड महिना होऊन गेला. माझे सासरे गेले हे मी सगळ्यांना सांगितलं, पण आमचं नातं नुसतं सासरा-सुनेचं नव्हतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

आबा भट्टीचे मिस्त्री. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की बॉयलर थंड होतात, मग आत उतरून भट्टीच्या आगविटा बदलायच्या, नवं अस्तर लावायचं, हे त्यांचं काम. पलूसपासून फलटणपर्यंतच्या कितीतरी भट्ट्यांत ते उकिडवे बसून राबले होते. शाळा चौथीपर्यंत. मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “कालिजात काय शिकवतीस, पोरी?” उष्णता घन वस्तूतून कशी जाते ते शिकवते, असं मी जरा अवघडूनच म्हणाले. ते मोठ्यानं हसले. “म्हंजी माझाच धंदा की! घरात एक बिगारी वाढला म्हनायचं.”

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून मला विचारलं, “मला येक सांग. सपाट भित ऱ्हाती, पन दाराच्या चौकटीचा कोपरा दर साली उडतोय. वीट तीच, माती तीच, हात माझाच. मग असं का?” मुलांना फळ्यावर जी समीकरणं लिहून देते ती इथं उपयोगाची नव्हती. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखले. म्हटलं, एक चौकोन म्हणजे चार बोटं वीट. प्रत्येकाला चार शेजारी. चौघांचं तापमान मिळवायचं, चारानं भागायचं, की थोड्या वेळानं या चौकोनाचं तापमान किती होईल ते निघतं. असे सगळे चौकोन झाले की नवं पान घ्यायचं. एक पान म्हणजे साधारण पाऊण तास. समजा आग चारशेची आहे आणि वीट चाळीसची. सपाट भिंतीतल्या चौकोनाला आगीचा एकच शेजारी, तो जातो एकशेतीसवर. कोपऱ्यातल्याला दोन्ही अंगांनी आग. त्याचा भागाकार आबांनी स्वतः केला. “दोनशेवीस,” आबा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट टेकवलं. “म्हंजी कोपरा म्होरं पळतोय आन् भित मागं ऱ्हाती. वढाताण हुनारच की गं…” त्या वर्षी घरातलं एकही कॅलेंडर कोरं राहिलं नाही.

नंतर ती गोष्ट घडली, जी मला लिहायलाच हवी. फलटणकडच्या एका कारखान्यात पावसामुळे भट्टीचं काम लांबलं होतं. बॉयलर पेटवायच्या पूजेचा दिवस ठरलेला, पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली. आबांचं म्हणणं, पूजेला आग लावा, पण पुढचे पाच दिवस नुसत्या लाकडावर मंद ठेवा. तिथल्या चीफ इंजिनिअरांना दोन दिवसांत पूर्ण आग हवी होती. आबांची सून हेच शिकवते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला फोन केला. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, दोन दिवस पुरतील की नाही ते सांगा.” मी संगणकावर बसले. भिंतीच्या जाडीतून उष्णता सरळ आत जाते असं धरून गणित केलं आणि कळवलं, चालेल. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी आग लागते, त्याचं गणित मांडायला अर्धा दिवस गेला असता.

आबा साइटवर उभे असताना त्यांना हे ऐकवलं गेलं, “अहो मिस्त्री, तुमच्या सूनबाईंनीच होय म्हटलंय.” तिथल्या फिटरनं मला पुढं सांगितलं, आबा तिथंच खाली बसले. पिशवीतून कॅलेंडरचे कागद काढले, भट्टीच्या दारात अंथरले आणि म्हणाले, “ही भित. हितं सूनबाईचं बराबर हाय. आन् ह्यो कोपरा. ह्येचं न्हाई केल्यालं तिनं. पाच दिवस द्या, न्हाईतर माझं नाव ह्या कामाला लावू नगा.” साहेब चिडले, पण पाच दिवस दिले. त्या हंगामात कोपरा जागचा हलला नाही.

ते घरी आले तेव्हा मी चहा ठेवला. मान वर करायची हिंमत नव्हती. त्यांनी हातपाय धुतले, चहाचा कप घेतला. “गणितातनं कोपरा ऱ्हायला व्हता न्हवं?” मी मान हलवली. “ऱ्हातो. माझा वीस साल ऱ्हायला,” असं म्हणून ते चहा प्यायले. पुन्हा कधी विषय नाही. मी माफी मागायला हवी होती. ते एवढं सहज बोलले की मागायची गरजच नाही, असं मी स्वतःला समजावलं… पुढच्या साली त्या कारखान्यानं दुसरा मिस्त्री बोलावला. त्यांच्या भरवशावर आबांनी दुसरं काम धरलं नव्हतं, ते उन्हाळाभर घरी होते. मला एका शब्दानं टोचलं नाही त्यांनी.

तेराव्याच्या दिवशी पाहुण्यांसाठी पाणी तापवायला आम्ही परसातली चूल पेटवली. आबांनी त्याच रिकाम्या उन्हाळ्यात उरलेल्या आगविटांची सासूबाईंना बांधून दिलेली. घरात गॅस असल्यानं मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. लाकडं सारताना दिसलं, तोंडाच्या दोन्ही कडा घासून गोल केलेल्या. कुठंही धार नाही. बोट फिरवलं तर वाटीच्या काठासारखं गुळगुळीत.

“आई, हे गोल कशाला केलंय?”

“मीबी इचारलं की. चार दिस नुसतं घासत बसल्यालं,” सासूबाई म्हणाल्या. “तर म्हनले, सूनबाईला इचार, तिला ठावं हाय.” त्यांनी पदरानं डोळे टिपले. “तवा इचारायचं ऱ्हाऊन गेलं बग. सांग आता.”

पाणी तापायला अवकाश होता. मी पाट ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि कोपरा भिंतीच्या पुढं का पळतो, तिथून सांगायला सुरुवात केली.