बुधवारची मेंढरं

थंडीत सायकल चालवणं तब्येतीला चांगलं असतं असं जे सांगतात, त्यांना एकदा मार्गशीर्षात पहाटे पाचला वरकुट्याच्या रस्त्यावर उभं करायला हवं. सिद्धू आणि मी त्या रस्त्यानं रोज जायचो. निमगावच्या अलीकडे दूध थंड करायचं एक केंद्र होतं, तिथं मी दुधाचं फॅट तपासायला होतो आणि तो कॅन धुवायला. सहाला पहिली गाडी यायची. अंगणात लावलेल्या सायकलच्या सीटवर दहिवर पडलेलं असायचं. सिद्धू ते बाहीनं पुसून घ्यायचा. मी आळसानं तसाच बसायचो आणि मग ओल्या विजारीवरून सगळा रस्ता शिव्या घालत जायचो. ओढ्याच्या सखलात बांधावरचं गवत पांढरं पडलेलं दिसायचं. तिथं नाकातून पाणी यायचं आणि ब्रेकवर बोटं वळायची नाहीत.

मी निदान पोचल्यावर शेगडीपाशी उभा राहायचो. सिद्धूला मात्र त्याच हातांनी हौदातलं गार पाणी उपसायला लागायचं. त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या, भेगांत मेण भरलेलं. "सिद्धू, थंडीनं तुला दत्तक घेतलंय," असं मी म्हणायचो. तो "व्हय" म्हणायचा आणि पुढचा कॅन ओढायचा. चाळिशीचा माणूस, पण बोलणं एवढंच. त्याला चिडवण्यात काही मजा नव्हती, तरी मी सोडत नसे.

हे लोक धनगर. सिद्धूच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात घालवला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला, चरायला जागा उरली नाही. दोघा भावांनी वाटण्या केल्या. धाकटा बिरू मेंढरं घेऊन चालत राहिला आणि सिद्धूनं नोकरी धरली. आप्पा अर्थातच मेंढरांकडं गेले.

शहाण्णवच्या दिवाळीत आप्पांचा गुडघा पार गेला. बिरू म्हणाला, "आप्पा, औंदा दादाकडं ऱ्हावा. घाट चढवायचा न्हाय तुमास्नी." कळप निघाला त्या दिवशी म्हातारा वेशीपाशी उभा राहिला तो दुपारपर्यंत हलला नाही. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत एकटाच रस्त्याला लागला. आम्ही कामावरून परतताना तो आम्हाला निमगावच्या वाटेवर एका मैलाच्या दगडावर बसलेला सापडला. गुडघा सुजून भोपळा झाला होता.

सिद्धूनं त्याला कॅरिअरवर बसवलं. वाटेत म्हणाला, "आप्पा, असं पळायचं न्हाय. बुधवारी मला सुट्टी असती. दर बुधवारी मी न्हेतो तुमास्नी मेंढराकडं."

मी शेजारूनच चाललो होतो. तेव्हाच मला वाटलं की ह्या शहाण्यानं मेंढरं चालतात हे लक्षात घेतलेलं नाही.

बिरूचा तळ एखाद्या शेतात चारपाच दिवस पडायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतायचं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, मग तळ उठून पुढं. पहिल्या बुधवारी तो निमगावच्या शिवारात होता. बापलेक जाऊन न्याहारीपर्यंत परत आले. पुढच्या खेपेला अंथुर्णं, त्यानंतर लासुर्णं. प्रत्येक बुधवारी मेंढरं आणखी लांब गेलेली असायची आणि प्रत्येक बुधवारी थंडी थोडी वाढलेली असायची. पौष लागला तसा सिद्धूचा सुट्टीचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला संपायचा.

यष्टीनं का जात नाही, असं मी विचारलं होतं. आप्पांना यष्टीच्या वासानंच ओकारी यायची. शिवाय तळ कधी रस्त्याला नसायचा. उतरल्यावर त्या गुडघ्यानं रानातून कोण चालणार? म्हणून सायकलच. सिद्धूची बायको म्हाळसा पहाटे उठून कॅरिअरवर पोत्याची घडी बांधायची, म्हाताऱ्याला गरम पाणी पाजायची आणि घोंगडं पांघरून द्यायची. पहिल्याच खेपेला त्या घोंगड्याचा पदर मागच्या चाकात गेला आणि दोघं रस्त्याकडेच्या चारीत पडले. साधी शाल घ्या म्हटलं तर आप्पा ऐकेनात. मेंढरांना शालीचा वास ओळखू यायचा नाही म्हणे. शेवटी म्हाळसा ते घोंगडं सुतळीनं त्यांच्या अंगाशी आवळून बांधायला लागली.

इकडं गुरुवारी सिद्धूची दशा बघवत नसे. हौदापाशी उभ्या उभ्या डुलक्या खायचा. एकदा भरला कॅन पायावर पाडून घेतला. साहेब त्याला सगळ्यांदेखत बोलला. मला राग आला, पण तो साहेबावर न काढता मी सिद्धूवरच काढला.

"म्हातारा तुला घेऊन जाणार बघ एक दिवस," मी म्हटलं. "सहा दिवस गार पाण्यात, सातवा दिवस गार वाऱ्यात. माणूस हायस का मोटार?"

"त्यो दुसरं काय मागतोय?" सिद्धू म्हणाला. "जेवाय मागत न्हाय, कापड मागत न्हाय. मेंढरं दाव म्हनतोय." मग कॅन घासता घासता, मान खाली घालून, "पाय लई भरून येत्यात रं," एवढंच बोलला. इतक्या वर्षांत त्यानं केलेली ती पहिली तक्रार.

त्याच आठवड्यात निरोप आला की तळ बारामतीच्या पलीकडं गेलाय. सिद्धू माझ्याकडं आला. "ज्ञानदेवा, बुधवारी येतूस का? आलटून पालटून घिऊ आप्पाला." नाही म्हणायला माझ्याकडं दहा कारणं होती. मी सुट्टी बदलून घेतली आणि दोन स्वेटर चढवून, घरच्यांवर खेकसून, बुधवारी पहाटे त्यांच्या दारात उभा राहिलो.

त्या दिवसाइतकी थंडी मी पुन्हा कधी अनुभवली नाही. धुकं इतकं की पुढच्या सायकलचा दिवा दिसेना. डोळ्यांतून पाणी गळून गालावरच गार होत होतं. कान आहेत की गळून पडले ते हात लावून बघावं लागे, आणि हातालाही काही कळत नसे. ऊसतोडीच्या बैलगाड्यावाल्यांनी रस्त्याकडेला पाचटाचा जाळ केला होता, तिथं आम्ही दोनदा थांबलो. आप्पा मात्र खुशीत. मागं बसून ते अखंड बोलत होते. ह्या वळणावर पूर्वी बोराटी होती, त्या टेकाडाखाली लांडग्यानं कोकरू नेलं होतं. वजन काही नव्हतं त्यांचं, पण डबलसीट ते डबलसीट. लासुर्ण्याच्या पुढं चढ लागला की सिद्धू उतरायचा आणि म्हाताऱ्याला वर ठेवूनच सायकल ढकलायचा. मी घ्यायला गेलो की "आजून हाय दम" म्हणायचा. दम नव्हता, मला ऐकू येत होतं.

बारामती ओलांडून सांगितलेल्या शेतात पोचलो तर तळ नव्हता. लेंड्या होत्या, तीन दगडांच्या चुलीत गार राख होती. शेतकरी म्हणाला, कालव्याच्या पाण्याची पाळी अचानक आली, त्यामुळं त्यानं कालच त्यांना उठवलं. सोमेश्वरच्या अंगाला गेले.

सिद्धू बांधावर बसला. गुडघ्यांवर डोकं टेकवलं आणि तसाच राहिला. धुकं विरून ऊन आत्ता कुठं अंगावर येत होतं. त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. आप्पा काठीला रेलून उभे होते. आधी ते चुलीतली राख बघत होते, मग लेकाकडं बघायला लागले. फार वेळ बघत होते. एवढा वेळ चाललेलं त्यांचं बोलणं तिथं बंद पडलं.

"माघारी जाऊ," आप्पा म्हणाले.

"आलोय तर बघूनच जाऊ," सिद्धू उठला. उठताना त्याला बांधाला हात लावावा लागला.

आणखी तासाभरानं तळ सापडला. बिरूची बायको फुलाबाई हिनं चहा टाकला. आप्पा कळपात जाऊन खाली बसले. मी लोकांच्या घरी पाहुणे आलेले पुष्कळ पाहिलेत, पण असं स्वागत कुणाचं झालेलं पाहिलं नाही. मेंढरं चारी बाजूंनी येऊन त्यांच्या घोंगड्याला तोंड लावायला लागली. ते एकेकीच्या पाठीवरून, पोटाखालून हात फिरवत होते, खूर उचलून बघत होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. सिद्धूनं चहा घेतला आणि बसल्या जागी डोळे मिटले.

जायची वेळ झाली तसा बिरू म्हणाला, "दादा, आता हितनं सोमेश्वरनगर. मग नीरा. मग घाट."

सिद्धूनं डोळे उघडले. "पुढल्या बुधवारी सोमेश्वरला यितो. जोडून रजा टाकतो एक दिस." आवाजात काही नव्हतं त्याच्या. सांगितलं होतं म्हणून करायचं, एवढंच.

आप्पा काठी टेकत बाहेर आले. "नगं," म्हणाले. "मला आता वळखू यीनात ही मेंढरं. डोळं गेलं. कुटली भुरी, कुटली काळी, कायबी कळंना. वळखू यीना त्या जितराबाकडं उगं कशाला यायचं?"

बिरू हसायला लागला, मग थांबला. फुलाबाई चुलीपुढून उठलीच नाही. सिद्धू बापाकडं बघत राहिला.

"बरं," म्हणाला.

परतीला म्हातारा माझ्या कॅरिअरवर होता. वारं पाठीमागून होतं, ऊन अंगावर येत होतं. वाटलं, सुटला बिचारा सिद्धू. बारामती मागं पडली. आप्पा पेंगत होते, त्यांचं डोकं माझ्या पाठीला लागत होतं. लासुर्ण्याच्या जवळ आलो आणि ते अर्धवट झोपेतच बोलायला लागले.

"लांबकानी दोन दिसांत व्याती. पोट उतारलंय तिचं. बिरूला सांगाया पायजे हुतं, तिला कळपाम्होरं चालवू नगं म्हनून. आन् त्या भुरीच्या म्हागल्या खुरात काटा मोडलाय, उजव्या."

माझे पाय पेडलवर थांबले. ह्या माणसाला एकूण एक मेंढरू ओळखू आलं होतं. डोळे गेल्याचं त्यानं खोटं सांगितलं होतं, लेकाला यावं लागू नये म्हणून. मी वळून बघितलं. सिद्धू अगदी बाजूला होता, हात लांब केला असता तर लागला असता. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, आप्पा, बुधवारी येऊ आपण. त्याचे ओठ हललेही. पण त्यानं नजर रस्त्यावर नेली आणि पेडल मारत राहिला.

पुढचा बुधवार गेला. गुरुवारी पहाटे तो नेहमीसारखा माझ्याबरोबर आला. केंद्रावर पोचल्यावर मी त्याच्यामागं हौदापाशी गेलो.

"आप्पा काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"काय न्हाय." त्यानं एक कॅन उपडा केला. "काल पाचला उठलं. घोंगडं पांघारलं आन् चुलीपुढं बसलं. मला हाक न्हाय मारली."

"तू झोपला होतास?"

"जागा हुतो. म्हाळसानं मला हलवलं पन. मी आंगावरचं काढलंच न्हाय. त्यो चुलीपुढं, मी आथरुनात, दोघंबी जागं." त्यानं हात पाण्यात घातला. "म्हनलं, उठावं. आजून सोमेश्वरलाच आसतील मेंढरं, एक रजा टाकली की झालं. आसं म्हनता म्हनता झोप लागली मला. ऊन आंगावर येईपतूर झोपलो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "झोपावं की. किती दिवस झाले होते."

सिद्धूचा हात पाण्यात तसाच राहिला.

"लई ग्वाड झोप लागली रं, ज्ञानदेवा," तो म्हणाला आणि हौदावर वाकून रडायला लागला.