बावन्न किलो सरकी

आमच्या ह्यांच्या मावसभावाने जन्मात मला जेवढं घाबरवलं, तेवढं विजेने, सापाने आणि सासूबाईंनी मिळूनही घाबरवलं नाही. दिसायला अगदी गरीब माणूस. आदिलाबादच्या कापूस बाजारात तीस वर्षं मापारी. त्यांचा काटा चुकला असं म्हणायची एकाही अडत्याची छाती नव्हती. कापसाच्या गाडीकडे नुसतं बघून वजन सांगायचे; बायांकडे मात्र मान वर करून बघायचे नाहीत. अशा माणसाने काम सुटताच हैदराबादेतून भंगारच्या भावात एक लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार आणली. इतकी बुटकी, की रस्त्यातलं कुत्रं आत बसलेल्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचं.

ही गाडी वळणावर डोलायची. ते डोलणं घालवायचं भाऊजींनी मनावर घेतलं, तेही खिशाला फारशी तोशीस न देता. "पैसे लावून त कोनीबी सुधरवते, वैनी. मोजून सुधरवाव." आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातल्या त्यांच्या अंगणात चाकं सरळ आहेत का बघायला सुतळ्या ताणलेल्या असत, त्यांत अडकून मी दोनदा आपटले. टायरच्या कडेला खडूने रेघा ओढायचे, भरधाव वळून यायचे आणि खडू कुठवर पुसला ते गुडघ्यांवर बसून बघायचे. एक दिवस बाजारातले चार जुने काटे आणून चारी चाकांखाली ठेवले. कोणत्या चाकावर किती भार ते बघायचं, आणि स्प्रिंगखालचं आट्यांचं कडं फिरवून तो सारखा करायचा.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच आठवड्यात नातीला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला बासरच्या सरस्वतीला न्यायचं होतं. जीप भरली आणि माझ्या वाट्याला भाऊजींच्या शेजारची जागा आली. गाडी जुळवताना माणसांच्या जागी ते सरकीची पोती ठेवत.

"वैनी, तुमचं वजन किती?"

समोर माझ्या दोन्ही जावा. मी म्हटलं, "बावन्न." बावन्न मी लग्नात होते; नंतर तीन बाळंतपणं आणि पुष्कळ पुरणपोळ्या झाल्या होत्या. थोरली जाऊ खोकली. भाऊजींनी निमूट बावन्न किलो सरकी मोजली आणि म्हणाले, "दहा किलोचा फरक पडला ना, त वळनावर गाडी ऐकत नाई."

त्या मूर्ख बाईने, म्हणजे मी, दोन दिवस नुसत्या ताकावर काढले. निघताना पाटल्यासुद्धा काढून ठेवल्या. गुडीहत्नूर मागे पडलं, पुढे निर्मळच्या वाटेवरचा घाट लागला. दरी माझ्या बाजूला. मांडीवर देवीचा नारळ. त्याचंही वजन आठवलं आणि मी तो दोन्ही हातांनी वर उचलून धरला. तिसऱ्या वळणावर भाऊजींनी वेग कमी केला.

"गाडी डाव्या अंगाला बसून राह्यली. काऊन बसते?" पुढच्या वळणावर तेच. त्यांचा चेहरा उतरला. "काटा चुकला का काय माहा?" जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीस वर्सात कोनाकोनाचा कापूस चुकीचा मोजला असन मी, वैनी?"

तोवर मला वाटत होतं, गाडीत घाबरलेली मी एकटीच आहे.

"भाऊजी," मी नारळाकडे बघत म्हटलं, "मी अडुसष्ट हाय."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "म्हंजे सोळा," इतकंच म्हणाले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. खाली उतरून जॅक लावला, पाना घेऊन कडं फिरवलं. "बसा आता. आन् भेऊ नोका." पुढची वळणं गाडीने शहाण्या बैलासारखी घेतली म्हणे. माझे डोळे मिटलेलेच होते.

बासरला सगळे देवळाच्या पायऱ्यांवर ताटकळत होते. हे म्हणाले, "उशीर काऊन केला बे इतका?" मी पदर तोंडाशी धरला.

भाऊजी म्हणाले, "काट्यात फरक पडला होता. माही चूक."

जावा हसल्या, हे हसले. गोष्ट बाजारात पोहोचली आणि तिथले लोक पुढे कित्येक वर्षं त्यांना हाक मारून विचारायचे, "मापारी, आज बराबर मोजलं का जी?" भाऊजी खाली मान घालून हसायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले, तोवर हसत होते. खरं काय ते सांगून टाकायचं मी दरवेळी ठरवायचे. दरवेळी जावा समोर असायच्या.