पोटदुखीत मिळालेली दुर्बीण

आमच्या घरात तुटक्या बटणांचा एक डबा आहे. ती बटणं कुणी मुद्दाम जमवली नाहीत, टाकवली नाहीत एवढंच. दुर्बिणीचे किस्से तसेच साठले. एक काढायला हात घालावा तर मुठीत चार येतात. ते मी लिहून काढावेत असं ह्यांचं म्हणणं. मी सोलापूरला मराठी सातवीपर्यंत शिकले, म्हणून मला लिहिता येईल असं ह्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पण ते सिद्ध करायचं तरी लिहावंच लागणार!

आमची मंडळी म्हणजे चार मोठी माणसं आणि एक लहान. हे, राजेश्वर गावच्या शाळेत मास्तर. हकीमसाब, दुर्बिणीचे मालक. शरणप्पाण्णा, कापडाचे दुकानदार; त्यांना पक्ष्यांपेक्षा पक्ष्यांवरून वाद घालायला आवडतं. मी. आणि आमची सुमन, पाच वर्षांची, जिची काळजी करणं हा माझा पूर्ण वेळचा धंदा आहे.

काळजीचं कारण आधीच सांगते. मी विहिरीवरून परत आले, अंगणाच्या टोकाशी उभी राहिले, तरी सुमन आपली मातीत खेळत असते. हाक मारली की मात्र धावत येते. वस्तू हातात दिली की नाकाला लावून बघते. शेजारच्या काशीअक्कांनी निकाल देऊन टाकलाय, "पोरगी मंद हाय, मास्तरीणबाई. शाळंत घालून हसं कामून करून घ्यायलाव?" हे म्हणतात, यंदाचं वर्ष राहू दे. मी शिकलेली आहे, ग्रहणाबिहणावर माझा विश्वास नाही. तरी सुमनच्या वेळी ग्रहणात विळी हातात घेतली होती का, हे मी अजून आठवून बघते.

*

रेल्वेच्या मोजणीला आलेल्या एका गोऱ्या साहेबाचं पोट बिघडलं होतं. हकीमसाबांनी त्याला चार दिवस इसबगोल आणि ताकावर ठेवलं. पाचव्या दिवशी साहेब उठून बसला आणि त्यानं खुशीनं आपली दुर्बीण देऊन टाकली. दोन नळ्यांची, पण एवढी आटोपशीर की हकीमसाबांच्या औषधाच्या बटव्यात मावते.

पहिले पंधरा दिवस हकीमसाब तिच्यातून रोग्यांच्या जिभा बघायचे. सगळं धूसर! एका रोग्यानं ती हातात घेतली, चुकून उलट्या बाजूनं डोळ्याला लावली आणि घाबरून ओरडला, "हकीमसाब, तुमी तर लई बारके झालाव! आदी सोताला औशीद घ्या!"

तेव्हा हकीमसाबांनी ठरवलं की हे यंत्र जवळ न येणाऱ्यांसाठी आहे. आणि गावात हकीमसाबांच्या जवळ न येणारे फक्त पक्षीच होते.

*

गावाबाहेरच्या तळ्यावर पक्षी भरपूर. पण समोरच्या काठाला बायकांचा धुण्याचा घाट! आठ दिवसांत काशीअक्का आमच्या दारात.

"तुमचे मास्तर, त्यो हकीम आन् त्यो कापडवाला, तिघं गडी रोज सकाळी घाटाकडं नळ्या लावून काय बघायलेत?"

"पक्षी," मी म्हटलं.

"मग आमी काय पक्षी हाव?"

शेवटी बायकांनीच तोड काढली. दुर्बीण मास्तरीणबाईच्या ताब्यात. घाटावर कुणी नसेल तरच तिनं ती गड्यांना द्यायची. अशी मी मंडळाची मेंबर झाले. सासरी आल्यापासून एवढा अधिकार मला कधी मिळाला नव्हता. प्रत्यक्ष हे माझ्यापुढे हात पसरून म्हणायचे, "जरा देता का?" आणि मी म्हणायची, "थांबा जरा."

एकदा चक्रवाकांची जोडी उतरली. सोनेरी, अगदी जवळ! आणि नेमकी त्याच वेळी घाटावर एक म्हातारी गोधडी घेऊन आली. मी दुर्बीण पदराखाली घेतली. शरणप्पाण्णा कळवळले, "अक्का, ती ऐंशी वर्साची म्हातारी हाय की! तिला कोण बघायलंय?"

तळं लहान, पाण्यावरून शब्द सरळ पलीकडे जातो. घाटावरून उत्तर आलं, "कोण रे त्यो म्हातारी म्हननारा?"

*

माझी परवानगी मागायचा कंटाळा येऊन शरणप्पाण्णांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक नळी आणली. पितळेची, एकाच डोळ्याची, हातभर लांब. बाभळीच्या बेचक्यात ती टेकवून ते बसले. बायकांनी हरकत घेतली; पण काशीअक्कांनी स्वतः येऊन तिच्यातून पाहिलं आणि परवानगी देऊन टाकली. कारण नळीतून सगळं उलटं दिसत होतं. पाणी वर, आभाळ खाली, बगळे पाय वर करून लटकलेले!

"अण्णा, हे उलटं आहे," हे म्हणाले.

"तुमचं कामून सरळ दिसायलंय, ते आदी बघा मास्तर!"

व्यापारी माणूस, घेतलेला माल वाईट म्हणायचा नाही. दोन महिन्यांत त्यांना एकूण एक पक्षी उलटा ओळखता यायला लागला. मग एक दिवस घाट मोकळा होता म्हणून मी त्यांना आमची दुर्बीण दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "हे कोण नवीन पाखरू आलंय?"

"अण्णा, ढोकरी. रोज बघता तुम्ही."

"ही ढोकरी न्हाई. ढोकरी मला ठावं न्हाई व्हय?" त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, धोतर सावरलं, ढोकरीकडे पाठ केली आणि कमरेत वाकून स्वतःच्या दोन पायांमधून मागे पाहिलं.

"हां! व्हय, ढोकरीच!"

*

एकदा महसूल खात्याचे गिरदावरसाहेब गावच्या पाहणीला आले. त्यांना दुर्बीण बघायची होती. हकीमसाबांनी ती अदबीनं पुढे केली. साहेबांनी डोळ्याला लावली, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली.

"वाह! क्या बात है! कितने सारे हैं!"

नळ्यांच्या पुढच्या तोंडांवर चामड्याची टोपणं तशीच होती.

हकीमसाब खालच्या आवाजात म्हणाले, "हुजूर, अब ढक्कन निकालके भी देखो."

साहेब जराही डगमगले नाहीत. "नक्को. देख लिया मैं."

सगळे नंतर पोट धरून हसले. मीही हसले, पण मला एक शंका चाटून गेली. मी रोज सुमनच्या डोळ्याला दुर्बीण लावून विचारायची, "दिसला का पक्षी?" ती म्हणायची, "दिसला." "केवढा आहे?" "मोठा." धोबी पक्षी मोठा, बगळाही मोठा! त्या दिवशी मी टोपणं लावूनच दुर्बीण तिच्या डोळ्याला लावली.

"दिसला?"

"दिसला."

काशीअक्कांचंच खरं, असं मी शरणप्पाण्णांपुढे बोलून गेले. ते म्हणाले, "अक्का, गिरदावर म्हनला तर सायब, आन् पोरगी म्हनली तर मंद व्हय?"

हकीमसाब सुमनकडे नुसते बघत राहिले.

*

जोंधळा निसवला की भोरड्या येतात. हजारोंनी! रामजी नावाचा शेतकरी मचाणावरून गोफण फिरवून हैराण झाला होता. आम्ही बांधावर भोरड्या बघत बसलेले पाहून त्याचं डोकं फिरलं. "माझं रान खायलेत आन् तुमी तमाशा बघायलाव?" ह्यांनी त्याला शांत करायला दुर्बीण दाखवली.

रामजी बघतच राहिला. "आयला, पाठ बी गुलाबी हाय!" मग त्यानं एका हातानं दुर्बीण डोळ्याला तशीच धरून ठेवली, दुसऱ्या हातानं गोफणीचा दगड उचलला आणि अगदी हलकेच, लहान मुलाला चेंडू टाकावा तसा फेकला. दगड सात-आठ पावलांवर शरणप्पाण्णांच्या पितळी नळीवर जाऊन आदळला.

"काय करायलास रे!" अण्णा ओरडले.

रामजीनं दुर्बीण खाली घेतली. "आता तर हितंच व्हती की!"

*

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. शेतकरी नांगर पुजतो, शरणप्पाण्णा गज आणि कात्री पुजतात, हे लेखणी. दुर्बीण माझ्या ताब्यात, म्हणून तिची पूजा माझ्याकडे आली. मी विधीत कमी पडायची नाही, सातवी झाले असले तरी! दोन्ही भिंगांवर ओल्या बोटानं कुंकू लावलं. पूजा झाल्यावर पदरानं पुसलंही. मला वाटलं, पुसलं.

त्याच पूजेत ह्यांच्या शाळेतल्या मुलांच्या पाट्या होत्या. सुमनसाठी आणलेली पाटी कोनाड्यातच राहिली. हे 'ठेव' म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. सुमननं मात्र ती दोनदा काढून नाकाला लावून पाहिली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर हे मोठ्यानं म्हणाले, "लाल बगळा! अंग लाल, मान लाल! असा कुणी पाहिलाच नसेल!" हकीमसाबांनी पाहिलं. "हौ मास्तर, लाल है." दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. माझ्या लक्षात आलं होतं. पण तोंड उघडायचा धीर होईना.

मग शरणप्पाण्णांनी दुर्बीण घेतली. बगळा बघितला, पाणी बघितलं, मग वळून हकीमसाबांकडे बघितलं.

"मास्तर, बगळा लाल हाय, पानी बी लाल हाय. आन् हकीमसाबांची दाढी बी!"

*

थंडी पडता पडताची गोष्ट. मला गोधड्या धुवायला घाटावर जायचं होतं. घाटावर बायका, म्हणजे दुर्बीण गड्यांच्या हाती देता येईना. मी ती सुमनच्या गळ्यात अडकवली, "कुणाला द्यायची नाही, पाडायची नाही," असं चारदा बजावलं आणि तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले. इकडे काठावर हे, अण्णा आणि हकीमसाब राहिले.

पुढे काय बोलणं झालं ते ह्यांनी मला नंतर सांगितलं. हकीमसाब सुमनपुढे गुडघे टेकून बसले. दोन नळ्यांवर तिचे दोन्ही डोळे एकदम बसत नव्हते, म्हणून एका डोळ्यावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

"क्या दिखा?"

"दिसलं."

"नै बेटा. नै दिखा तो नै दिखा बोल. कोई नै मारता तेरेकू."

सुमन मग म्हणाली, "न्हाई, दिसंना."

"शाबास!" म्हणत हकीमसाबांनी तिचं बोट दुर्बिणीच्या मधल्या चकतीवर ठेवलं. "अब घुमा. साफ हुआ तो रुक."

मला घाटावरून एवढंच दिसत होतं की तीन मोठे गडी उकिडवे बसलेत आणि मध्ये सुमनचं कोपर हवेत आहे. दुर्बिणीचं तोंड आमच्याकडे. शेजारी काशीअक्का धुणं आपटत होत्या. त्या म्हणाल्या, "बघा मास्तरीणबाई, पाडतीय आता ती पान्यात."

मलाही तेच वाटत होतं. हातात भिजलेली गोधडी, पाणी पायांवर गळतंय आणि मी ओरडायला तोंड उघडलं. पण सुमनचं कोपर हलायचं थांबलं. ती तशीच उभी राहिली. हे काहीतरी विचारत असावेत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मी गोधडी खाली टाकली आणि उगाचच हात वर केला.

मग तळ्यावरून तिचा आवाज आला, घाटावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढा मोठा,

"आई! आई गं! तुला लांबनं बी तोंड हाय!"