विहीणबाई आणि भविष्याचे पत्ते

देवानं जगातल्या सगळ्या वस्तू पूर्ण केल्या आणि त्यांचे काठ तेवढे आपल्यासाठी कोरे ठेवले, असं आमच्या विहीणबाईंचं ठाम मत आहे. माझ्या लेकीला बघायला त्या उमरग्याहून आमच्या तेरला आल्या, तेव्हाच मला हे कळायला हवं होतं. पोरीच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही. तिनं शिवलेली उशीची खोळ उलटी करून तिची किनार निरखली आणि म्हणाल्या, "शिलाई सरळ हाय. पोरगी पसंत." माझ्या मालकांना वाटलं, बाईंना कमी दिसतं. दिसत चांगलं होतं, बघायची जागा तेवढी वेगळी होती. साडी घ्यायला गेल्या तर दुकानदारानं ती उलगडायची नाही, नुसते काठ दाखवायचे. भाकरीची आधी सगळी कड खातात आणि मधला भाग कुणाला हवा का म्हणून विचारतात. यजमानांच्या तसबिरीच्या चौकटीवर त्यांनी इतक्या वेली, कोयऱ्या आणि मोर काढलेत, की नवा माणूस हात जोडतो आणि हा देव कुठला म्हणून विचारतो.

अशा बाईच्या हाती आमच्या नातीनं पत्ते दिले. नात म्हणजे त्यांच्या लेकाची आणि माझ्या लेकीची मुलगी. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना पत्त्यांवरून भविष्य सांगते. टॅरो म्हणतात त्याला. पत्ते पालथे मांडायचे, समोरच्यानं एक उचलायचा, मग ही त्याचा अर्थ सांगणार. अशा पत्त्यांच्या कडा रंगवून घ्यायची हौस असते म्हणे लोकांना. गड्डी मिटली की बाजूनं सोनेरी नाहीतर मोरपंखी दिसली पाहिजे. मिटलेल्या पत्त्यांकडं बाजूनं कोण बघत बसतं, हे मला आजवर समजलेलं नाही. विहीणबाईंना मात्र ते न सांगता समजलं, आणि नात गिऱ्हाइकांच्या गड्ड्या कडा रंगवायला त्यांच्याकडं धाडू लागली.

मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी उमरग्याला त्यांच्याकडं राहिले, तेव्हा हा कारखाना जवळून पाहिला. एका डोळ्यावर पट्टी होती, तरी पुरेसा दिसला. गड्डी दोन फळ्यांच्या मधे धरून सुताराच्या शिकंज्यात आवळायची, कडेवरून बारीक पॉलिशपेपर फिरवायचा आणि स्पंजनं रंग टिपायचा. रंग जास्त झाला की तो आत उतरतो आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. विहीणबाईंचे हात थरथरतात, त्यामुळं तो जास्तच व्हायचा. पण बिघडलेलं सुधारण्यात त्यांना रंगवण्यापेक्षा जास्त गोडी. चिकटलेल्या पत्त्यांमधून शिवणाचा दोरा ओढून त्या ते सोडवायच्या आणि वर तोंडाची पावडर लावायच्या. चित्रावर डाग उतरला तर त्याला देठ काढून पान करायच्या. एका राजाच्या कानातून अशी वेल निघाली होती. गिऱ्हाइकानं तिचं फार कौतुक केलं आणि त्या वेलीचा अर्थ विचारला. नातीनं काहीतरी सांगितलं असेल.

अर्थाचं तर विचारूच नका. एका पत्त्यावर माणूस उलटा टांगलेला. नातीला फोनवर विचारलं, हे वाईट का? ती म्हणाली, वाईट नसतं, बदल असतो. बुरुजावर वीज पडून माणसं खाली पडताहेत, तोही बदल. हाडांचा सापळा घोड्यावर बसून आलाय, खाली मरण असं लिहिलंय, तोही बदलच. मग सरळ बदल लिहून मोकळं का होत नाहीत? विहीणबाई चित्रांकडं बघायच्याच नाहीत, त्यामुळं त्यांना हा त्रास नव्हता.

पण एकदा बघितलं. एका बाईची जुनी गड्डी आली होती, तशी आता बाजारात मिळत नाही, जपून करा म्हणून नातीनं बजावलं होतं. काम सुरेख झालं. पत्ते सुटे करताना विहीणबाईंच्या हातात तो घोडेस्वार आला. त्यांनी मला अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली. त्यांनी मुकाट्यानं कात्री घेतली आणि त्या पानाचा कोपरा कापला. मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या वेळी कुणी गेल्याचं कार्ड यायचं ते कोपरा फाडलेलंच यायचं. लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकू आणि मरणाच्या कार्डाला फाटका कोपरा. उलट पुण्याच्या माणसांना एवढी साधी रीत माहीत नाही, याचंच आम्हाला नवल वाटलं.

संध्याकाळी नातीनं फोनवर गड्डी बघायला मागितली. विहीणबाईंनी कौतुकानं तेच पान पुढं धरलं. मग तिनं समजावलं, की पत्ते पालथे असतात, आता कुणालाही न उलटता कळणार की मरण कुठलं. "ते कळलं तर कोण उचलंल, आजी?" रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "राहू दे आता. तुझे हात लई थरथरतेत. पुढच्या गड्ड्या मी इथंच कुणाला तरी देते."

विहीणबाई रंगाच्या डब्या बंद करू लागल्या. झाकणं नीट बसत नव्हती. मी जन्मात कुणाची समजूत घातलेली नाही, तेव्हाही घातली नाही. पण डोक्यात आलं ते बोलले, "कळपात एकाच शेळीचा कान कापला तर ती ओळखू येती, विहीणबाई. समद्यांचे कापा की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कात्रीनं समदे सारखे कसं व्हतील? माझे हात बघा."

"मग कात्री कशाला? घासा."

सकाळी गड्डी पुन्हा शिकंज्यात आवळली आणि विहीणबाईंनी लाकूड घासायची कानस घेतली. कापलेल्या कोपऱ्याची रेघ बुजेपर्यंत सगळे कोपरे गोल करायचे होते. मी एका डोळ्यानं पाहून कुठं उंच राहिलंय ते सांगायची, त्या मला आंधळी म्हणायच्या, मी त्यांना घाईची म्हणायची. घासायच्या कामाला थरथरता हात चांगलाच, आपोआप चालतो. चहा दोनदा गार झाला. मग गोल कोपऱ्यांवर पुन्हा सोनेरी रंग टिपला.

रविवारी नात स्वतः आली. पत्ते पालथे पसरून तिनं त्यातला घोडेस्वार शोधला. उजेडात धरले, बोटं फिरवली. सापडला नाही. "कुठला त्यो?" तिनं विचारलं. आम्हा दोघींनाही सांगता येईना. ती हसली आणि गड्डी घेऊन गेली. पुढच्या कामाचं मात्र काही बोलली नाही. विहीणबाईंनीही विचारलं नाही. पट्टी निघाल्यावर मी तेरला परत आले.

परवा विहीणबाईंचा फोन आला. नवी गड्डी आली म्हणाल्या. आवाजात आनंद होता, पण पुरता नव्हता. पत्ते तपासून पाहिले तर घोडेस्वार त्यात नाही, पोरीनं तो काढून स्वतःजवळ ठेवलेला दिसतो. "आपण म्हाताऱ्या, आपल्याला बघवणार न्हाय म्हणून काढला, का मी पुना कापंन म्हणून काढला? मला तर काय समजंना."

मी म्हणाले, कापाल म्हणूनच.

मग म्हणाल्या, "पण समद्यांला काठ आन् त्यो एकटाच कोरा राहील की हो. पाठवून दे म्हणावं. काय करणार न्हाय मी त्येला, नुसता रंग लावते."

सांगते म्हणाले. तसा नातीचा फोन त्यानंतर येऊन गेला. पाऊसपाणी, तिच्या आईची गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. ते तेवढं सांगितलं नाही. का, ते माझं मलाच कळत नाही.