मंगळवारचं बीपी

एकशेवीस-ऐंशी. आमच्या दवाखान्यात सगळ्या गरोदर बायकांचं बीपी एवढंच असायचं. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत नर्स म्हणून रुजू झाले आणि जुनं रजिस्टर उघडलं, तर पानोपानी तोच आकडा. जशा काही सगळ्या एकाच आईच्या पोटच्या!

कारण पहिल्याच मंगळवारी कळलं. गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी, आणि आमच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. खटाखट, खटाखट! दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, नळी कानात घातली, तर ठोक्यांऐवजी लूमच ऐकू येतात. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "ऐकू आलं नाही."

डॉक्टरसाहेब भडकले. "सिस्टर, इथं आकडा लागतो."

"मग तुम्ही ऐका आणि सांगा."

"एवढा वेळ कुणाला आहे? नॉर्मल लिहा."

माझं डोकंच फिरलं. कान माझे, सही माझी, आणि आकडा यांच्या मनातला! नाही लिहिला. शुक्रवारी लूमला सुट्टी असते. शुक्रवार माझा कागदपत्रांचा दिवस होता. कागद गेले खड्ड्यात. बाहेर येऊन मी सगळ्या बायकांना सांगितलं, बीपी शुक्रवारी.

शुक्रवारी राहनाळहून एक शेतकरीण चालत आली. आठवा महिना, पावलं सुजून टम्म. पहिल्या खेपेला तिला झटके आले होते आणि बाळ गेलं होतं. या खेपेला मात्र तिच्या कार्डावर प्रत्येक मंगळवारी एकशेवीस-ऐंशी!

"डोका लय दुखतं, बाय," ती म्हणाली.

पाच मिनिटं तिला गप्प बसवलं. पोलक्याची बाही घट्ट होती, ती पडद्याआड काढायला लावली. उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात टेबलावर टेकवला. भिंतीपलीकडे चिडीचूप. प्रत्येक ठोका स्वच्छ कानात आला. एकशेसत्तर-एकशेदहा. थोडं थांबून पुन्हा घेतलं. तेच. मी आकडा तसाच कार्डावर लिहिला.

"काय हाय? खरा सांग. यो पन जानार का?"

"जाऊ देणार नाही. पण आता घरी जायचं नाही."

टांगा बोलावला आणि मीच तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळंतपण होईपर्यंत त्यांनी तिला ठेवून घेतलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आणि मला काय मिळालं? मेमो! परवानगीशिवाय तपासणीचा दिवस का बदलला, खुलासा करा. "माफी लिहून टाका, विषय संपेल," डॉक्टरसाहेब म्हणाले. माफी कसली डोंबलाची! मी लिहिलं, "मंगळवारी ऐकू येत नाही, शुक्रवारी येतं. यापुढेही बीपी शुक्रवारीच घेणार." खाली ठसठशीत सही ठोकली.

तेवढ्यात तीच शेतकरीण लेकीला लस टोचायला घेऊन आली. "काय लिवतेस, बाय?" मी कागद वाचून दाखवला. नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं.

तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवली, टेबलावरची शाईची गादी पुढे ओढली आणि माझ्या सहीखाली अंगठा दाबून धरला.

"आता पाठव," म्हणाली.