कुंदाताईंना न पटलेली नळी

कुंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा माझा विश्वास बसेना. सांगणाऱ्याला मी दोनदा उलटसुलट विचारलं, मग त्यांच्या शेजारणीला फोन लावला. ही खोड मला त्यांनीच लावलेली... नाशिकरोडच्या बाजारात त्या फ्लॉवरचा गड्डा उलटा करून देठ बघायच्या आणि तो चांगला निघाला तर जास्तच संशय घ्यायच्या.

कुंदाताई कामात माझ्या वरिष्ठ होत्या. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही माणसाच्या पेशींपासून रक्तवाहिनी वाढवतो. करंगळीएवढी नळी, आतून पंपाने पोषक द्रव सतत खेळवायचा, कारण प्रवाहाचा रेटा सोसल्याशिवाय तिच्या भिंतीत बळ येत नाही. माझा धाकटा भाऊ दिलीप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून त्याच्या हातातल्या शिरा निकामी होत आल्यात. अशी नळी हातात बसवली तर सुया तिच्यात टोचता येतील, त्यामुळे ती माझ्यासाठी नुसता प्रयोग नव्हती.

पहिली नळी छान वाढली. मी तर दिलीपला सांगूनही टाकलं. कुंदाताई मात्र पंपाकडे बघत बसल्या. "हा एका तालात चालतो गं. याला जिना चढायचा नाही, साहेबाशी भांडायचं नाही. दिलीपचं रक्त असं वाहतं का?" मग त्यांनी दिलीपलाच बोलावलं, जिने चढायला लावले, मुद्दाम चिडवलं, झोपू दिलं, दर वेळी त्याच्या हातातला प्रवाह मोजला आणि पंप तसा चालवला. नळी उभी फाटली.

मला भयंकर राग आला. यांना कुणाचं भलं झालेलं बघवत नाही, मुद्दामच रेटा वाढवला असणार, असं वाटून मी त्यांच्या नकळत सगळी मापं तपासली. ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "तपासलंस ना? बरं केलंस. माझ्यावरही विसंबायचं नाही."

पुढच्या नळ्या आम्ही पहिल्यापासून त्याच चढउतारात वाढवल्या. कुंदाताई गेल्यानंतर काही दिवसांनी त्यातली एक टिकली... फाटली नाही, गळली नाही. प्रयोगशाळेत पेढे आले. सगळे ती पुढच्या चाचण्यांना पाठवायच्या गोष्टी करू लागले, आणि मी पेढा तसाच हातात धरून नळीकडे बघत राहिले. संध्याकाळी दिलीपचा फोन आला.

"ताई, जमली म्हणे? पाठवणार ना पुढं?"

हो म्हणावंसं फार वाटलं. त्याच्या हातात सुई टोचायला आता जागा उरलेली नाही.

"नाही रे," मी म्हणाले. "मला ती अजून पटलेली नाही."

तो म्हणाला, "बरं. परत मोजायला कधी येऊ?"