पेपरातल्या माणसांचा कोलू

वेस्ट मांबलममधल्या आमच्या मराठी वाचनालयात मुंबईचा पेपर शिळा होऊन येतो, ते आम्ही सोसलं. पण हल्ली त्याला खिडक्याही पडू लागल्या होत्या. कुणीतरी ब्लेडने फोटो कापून नेत होतं... आणि फोटोच्या मागे नेमका क्रिकेटचा स्कोअर असतो. मद्रासमध्ये राहून माणसाने आणखी किती सोसायचं?

मी वाचनालयाचा सेक्रेटरी. चोर सापडला की सभासदत्व बंद, अशी नोटीस माझ्याच अक्षरात लावली. गुन्हेगार बहुधा कॉलेजातला, एखाद्या नटीसाठी झुरणारा, असा माझा कयास.

परवा नवरात्रात बायकोबरोबर शेजारच्या सीताबाईंकडे कोलू बघायला गेलो. ही तंजावरकडची मराठी मंडळी. नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात... वर देव, मग राजेरजवाडे, तळाला वाणी आणि बाजार.

सीताबाईंच्या पायऱ्यांवर बाहुली एकही नव्हती. होते ते आमच्या पेपरातले फोटो, पुठ्ठ्यावर डकवून उभे केलेले. देवांच्या लगेच खाली रशियाचा अंतराळवीर, वर जाऊन आला म्हणून. त्याखाली साऱ्या जगाला घोर लावणारे दोन पुढारी, जागेअभावी खांद्याला खांदा लावून. मग एक नटी, आणि तळाला रेशनच्या तांदळाची रांग.

"अहो, सगळी ओळखीची दिसतायत," बायको पुटपुटली.

सीताबाईंचे यजमान माधवराव, वाचनालयाचे सर्वांत जुने सभासद, एकाग्रतेने छताकडे बघत होते.

शेवटी सीताबाईच बोलल्या. "यंदा तंजावरच्या घरून आणताना बाहुल्यांची पेटी फुटली की हो. एकदा धरलेला कोलू मोडू नये म्हणतात आमच्यात. त्यात लेक बाळंतपणाला आलीय, पहिलीच खेप... माझा जीव राहिना. ब्लेड मीच दिलं ह्यांना." मग आवाज खाली गेला. "फोटो न्यायला आलात काय?"

आतल्या खोलीत लेक कण्हत कूस बदलत होती. मी नोटिशीला शोभेल असं वाक्य जुळवू लागलो, तोवर माधवरावांनी सुंडलचा द्रोण हातात दिला. उकडलेले हरभरे, वर ओलं खोबरं... तोंड भरलेलं असलं की अधिकारवाणी फुटत नाही.

द्रोण रिकामा झाला. कोलूपुढे सुंडल खाल्लं की एक गाणं म्हणायचं, ही इथली रीत. सीताबाई मात्र गाणं मागेनात. उत्तराची वाट बघत उभ्याच होत्या.

"हे गात नाहीत," बायको म्हणाली, "नुसते बोलतात."

मी मांडी घालून पुढाऱ्यांसमोर बसलो. डोळे मिटून शाळेतली प्रार्थना सुरू केली. जरा वेळाने सीताबाईही खाली बसल्या असाव्यात... मांडीवर ताल धरल्याचा आवाज येत होता.

सूर पहिल्याच ओळीत सुटला होता. तरी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटली. सुंडल पूर्ण खाल्लं होतं.